मिरोनोव्हनाचा डावा खांदा

फिलार्मोनियाच्या, म्हणजे आमच्या मैफलींच्या वास्तूच्या, जिन्यात छडी हातात घेऊन वाद्यवृंद चालवणाऱ्या मुख्य संचालकांच्या तसबिरी ओळीने लावल्या आहेत. काळे कोट, पांढरे बो-टाय, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव: आत्ताच कुणीतरी बेसूर वाजवलं आहे आणि तो कोण हे यांना ठाऊक आहे. नोवोकाम्स्कच्या सिंफनी वाद्यवृंदाचा इतिहास बघायला पाहुणे आले की त्यांना त्या जिन्याने वर नेतात. मीही कित्येकांना नेलं. पण दर वेळी मला वाटायचं, ही ओळ खोटी नाही, अपुरी आहे. हा वाद्यवृंद इतकी वर्षं कुणी चालवला असं मला खरंच कुणी विचारलं, तर उत्तर देताना मी त्या जिन्याकडे बघणार नाही.

मी काही वादक नव्हे. रस्त्यापलीकडच्या नाट्यगृहात मी राजे आणि दारुडे रंगवले, दोन्ही सारख्याच ऐटीत. गुडघे बोलायला लागले तेव्हा रस्ता ओलांडून फिलार्मोनियात निवेदक झालो. काळा सूट घालून पुढे यायचं, आता काय वाजणार ते सांगायचं, मान लववून विंगेत जायचं. वाक्यं थोडी, टाळ्या दुसऱ्यांसाठी. पण विंग तीच, तिसरी घंटाही तीच. त्या विंगेतूनच मी मिरोनोव्हनाला निम्मं आयुष्य पाहिलं.

तिचं खरं नाव ताइसिया. पण ते फक्त पासपोर्टावर. तिचा बाप मिरोन कामा नदीवर ओंडक्यांचे तराफे ओढणाऱ्या बोटीवर होता, आणि आम्ही सगळे तिला बापाच्या नावावरून हाक मारायचो, जशी ओळखीच्या, घरच्या वाटणाऱ्या बाईला मारतात. युद्धाच्या दिवसांत पहिले संचालक वेनियामिन लाझारेविच ग्रून आमच्या गावात आले, मालगाडीच्या डब्यातून, बरोबर मूठभर उपाशी वादक घेऊन. बंदरावरच्या क्लबात त्यांनी वाद्यवृंद उभा केला. निम्मे वादक राजधानीतले, निम्मे कारखान्याच्या बँडमधले. पहिल्या मैफलीत वादकांनी बोटं कापलेले हातमोजे घातले होते आणि श्रोत्यांनी टोप्या काढल्या नव्हत्या, असं गावात अजून सांगतात. क्लबाच्या शेगडीला लाकडं पोचवायला मिरोन घसरगाडी घेऊन यायचा, त्याच्यामागे ही पोर. लाकडं उतरली तरी ती शेगडीपासून हलायची नाही. ग्रूननी तिचे हात पाहिले आणि म्हणाले, "ही मुलगी व्हायोलासाठी जन्मली आहे."

"लांब हात मी दोर ओढायला दिले होते," मिरोन म्हणाला. पण पोर त्यांच्याकडे ठेवून गेला.

व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. आवाज जाड, स्वभाव सोशीक, आणि वाद्यवृंदातले सगळे विनोद तिच्यावर. मिरोनोव्हनाला ते वाद्य शोभायचं. नवरा येव्हसेय ट्राम चालवायचा. फिलार्मोनियावरून जाताना दोनदा घंटा वाजवायचा, मग आत तालीम चालू असो नाहीतर मैफल. ग्रून तेवढ्यापुरती छडी थांबवायचे आणि व्हायोलांकडे बघून म्हणायचे, "मिरोनोव्हना, तुझ्या माणसाला सांग, त्याची घंटा आपल्यापेक्षा थोडी चढी आहे." सगळे हसायचे. येव्हसेय गेला तेव्हा त्या मार्गावरच्या सगळ्या ट्रामनी फिलार्मोनियासमोर दोनदा घंटा वाजवली. त्या दिवशी तालीम थांबली ती थांबलीच.

आता खांद्याचं.

ग्रून म्हातारे झाले आणि त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी थोडा, मग इतका की छडीचं टोक पाखरासारखं फडफडायचं. ठोका नेमका कुठे पडला हे कळेना. आणि त्यांना हे सांगायचं कुणी? ज्या माणसाने आपल्याला हातमोजे कापून वाजवायला शिकवलं, त्याला म्हणायचं, बाबा, तुमचा हात दिसत नाही? एका तालमीत फार हळुवार सुरुवात होती, नुसती तंतुवाद्यं, शांततेतून उगवल्यासारखी. छडी फडफडली. कुणीच शिरलं नाही, वाजवायला सुरुवातच झाली नाही. म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला. पुन्हा छडी वर गेली, आणि व्हायोलांच्या पहिल्या स्टँडवर, म्हणजे स्वरलिपी ठेवायच्या सगळ्यात पुढच्या तिवईमागे, बसलेल्या मिरोनोव्हनाने नाकाने श्वास घेतला आणि डावा खांदा बोटभर उचलला. व्हायोला शिरल्या. त्यांच्याबरोबर सगळे शिरले. ग्रून डोळे मिटून म्हणाले, "बघा, मनात आणलंत तर कळतो तुम्हाला माझा हात."

त्या दिवसापासून वाद्यवृंद म्हाताऱ्याकडे बघायचा आणि मिरोनोव्हनाच्या खांद्यावर शिरायचा. ती जागाही अशी, की समोरच्या व्हायोलिनवाल्यांना दिसावी आणि मागच्या नगाऱ्यांनाही. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. नवा वादक आला की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी त्याच्या कानात सांगायचं: डोळे संचालकावर ठेव, डोळ्याचा कोपरा खांद्यावर.

ग्रून गेले. मग जिन्यातले बाकीचे आले. एक परदेश दौऱ्यांसाठी आला आणि दौऱ्यावरच राहिला. एकाला आमची थंडी मानवली नाही, एकाला आमचं पाणी. एकजण तर छडी हलवायचा आणि मनात आपल्याच टाळ्या ऐकायचा. कुणाच्याही हाताखाली वाद्यवृंद मोडला नाही, कारण तो त्यांच्या हाताखाली नव्हताच. त्यांची छडी खाली यायची, आणि एक श्वास मागे आमचा सूर. राजधानीचे टीकाकार लिहायचे: नोवोकाम्स्कच्या सुरांना एक खास भारदस्त संथपणा आहे. कुझ्मा नगारेवाला ते मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचा, "मिरोनोव्हना, तुझ्या खांद्याला भारदस्त म्हणतायत. जरा कमी खात जा."

असं सगळं बरं चाललं होतं. मग तिखोन अन्द्रेयेविच आला.

वाद्यवृंदाला साठ वर्षं पूर्ण व्हायची होती. संचालकाची जागा बराच काळ रिकामी होती, आणि सांस्कृतिक खात्याने कानावर घालून ठेवलं होतं: हा टिकला तर ठीक, हाही गेला तर आता नवा शोधणार नाही, तुमचा वाद्यवृंद शेजारच्या मोठ्या शहराच्या ऑपेरात विलीन करू. विलीन म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. दहा-बारा तरुण वादकांना तिकडे खुर्च्या मिळतील, बाकीच्यांना निरोपाची फुलं.

तिखोन बारीक, चष्मेवाला, घसा सदा बसलेला. पहिल्याच तालमीला त्याने अर्धं पान वाजवून घेतलं आणि थांबवलं.

"तुम्ही छान वाजवता," तो म्हणाला. "फक्त मी जे दाखवतो ते नाही वाजवत."

पुन्हा सुरुवात. पुन्हा थांबवलं. मग त्याने छडी स्टँडवर ठेवली, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, "चला, सुरुवातीपासून." आणि नुसता उभा राहिला.

आमचे शहाणे वादक! तालमीत सांगितलं सुरुवातीपासून, की सुरुवातीपासून. मिरोनोव्हनाचा खांदा सवयीने उचलला गेला आणि सगळा वाद्यवृंद एका देहासारखा शिरला, हॉर्नपासून डबल बासपर्यंत, इतका सुरेख की विंगेत मला वाटलं टाळ्या वाजवाव्यात. मग एकेकाच्या ध्यानात आलं. सूर एकेक करून गळाले. शेवटी एकटा कुझ्मा नगाऱ्यावर हात ठेवून उभा.

तिखोनने चष्मा काढून पुसला. "अच्छा," तो म्हणाला. "मग मी कुठे बसू ते सांगा."

तालीम संपल्यावर तो व्हायोलांच्या खोलीत आला. मिरोनोव्हना व्हायोला पेटीत ठेवत होती. मी दारातच होतो. निघून जावं असं मनात आलं, पण नटाचे पाय चांगल्या प्रवेशातून निघत नाहीत.

"ताइसिया मिरोनोव्हना, मी तुमच्यावर रागावलेलो नाही," तो म्हणाला.

"रागवा की. मला बरं वाटेल."

"तुम्ही त्यांना सांभाळलंत. पण ते एक श्वास मागे वाजवतात. मला तो श्वास हवा आहे. साठीच्या मैफलीत खात्याची माणसं येतील, मीही त्याच दिवशी ठरवीन. ते माझ्याकडे बघून वाजवू शकले तर मी राहीन. नाही तर इथे माझं काम नाही. खोटं बोलून पगार घ्यायला मला जमत नाही."

"मग मीच जाते. उद्यापासून येत नाही."

"तसं करून बघायला माझी हरकत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आढ्यता नव्हती. त्यालाही भीती वाटत होती, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं.

ती खरंच दुसऱ्या दिवशी आली नाही. तालमीचं काय वर्णन करू! ट्रंपेट दोन ठिकाणी शिरले, व्हायोलिनं त्यांची वाट बघत राहिली, आणि कुझ्माने घाबरून असा नगारा वाजवला की वरच्या माळ्यावरची कबुतरं उडाली. सगळ्यांचे डोळे त्या रिकाम्या खुर्चीवर. तिखोनने तिला परत बोलावलं आणि व्हायोलांच्या अगदी शेवटच्या स्टँडवर बसवलं. तेही फसलं. शिरायची वेळ आली की पुढच्यांच्या माना सूर्यफुलांसारख्या मागे वळायच्या. एक चेलोवाला तर खुर्चीसकट फिरला.

"मला पुढेच बसू द्या," मिरोनोव्हना शेवटी म्हणाली. "मी खांदाच हलवणार नाही. हललाच नाही तर बघतील कशाला?"

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. पण रंगभूमीवर चाळीस वर्षं एकाच वाक्याला डावी भुवई उचललेल्या नटाला सांगा, उचलू नकोस म्हणून. भुवई ऐकते का त्याचं?

मी तिच्या स्वयंपाकघरात जायला लागलो. चौथ्या मजल्यावरचं घर, खिडकीत खारवलेल्या अळंब्यांच्या बरण्या, भिंतीवर येव्हसेय ट्रामच्या दारात उभा. ती स्टुलावर व्हायोला घेऊन बसायची, मी चुलीपाशी उभा राहून लाकडी डाव हलवायचो.

"हलला," मी म्हणायचो.

"नाही हलला."

"हलला, मिरोनोव्हना. झग्याची घडी उठली."

"तुझा डावच कापतोय. ग्रूनसारखा."

"पुन्हा. मी खाली आणतो, तू बघ माझ्याकडे."

"तुझ्याकडे काय बघायचं? म्हातारा दारुडा राजा, हातात आमटीचा डाव!"

हसायची, आणि हसता हसता खांदा हलायचा. एकदा तिने शालीने खांदा पाठीशी बांधून घेतला. तेव्हा उजवा उचलला जायला लागला. एकदा श्वास रोखून वाजवलं, तर तोंड जांभळं झालं आणि मी पाण्याचा पेला घेऊन धावलो.  

"ग्लेब," ती एकदा म्हणाली, मुरंब्याचा चमचा तसाच हातात धरून, "हा पोरगा चांगला आहे रे. फार दिवसांनी खरा माणूस आलाय. त्याच्या हातात सगळं लिहिलेलं असतं. मी वर बघते ना तालमीत, तर मला सगळं कळतं. माझ्याशिवाय कुणी बघतच नाही. सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी त्याच्याकडे. आणि माझ्यामुळे तो जाणार."

"तुझ्यामुळे नाही," मी म्हणालो.

"मग कुणामुळे? तुझ्या निवेदनामुळे?"

 मी अळंब्या वाढून घेतल्या.

रंगीत तालीम साठीच्या आदल्या दिवशी दुपारी होती. तीच सिंफनी, जिने ग्रूननी थंड क्लबात सुरुवात केली होती. तिच्या शेवटच्या भागाआधी एक जागा आहे: सगळा वाद्यवृंद अचानक गप्प होतो. पूर्ण शांतता. ती शांतता किती लांबवायची हे संचालकाच्या मनावर. आणि मग सगळे एकदम, सगळ्या जोराने. आमच्याकडे त्या जागेला "विहीर" म्हणतात.

त्या दिवशी मिरोनोव्हनाचा खांदा खरंच हलत नव्हता. पहिला भाग बरा गेला. दुसऱ्यात ट्रंपेट जरा अडखळले, पण वर बघायला लागले होते. कुझ्मा तर डोळे फाडून तिखोनकडे बघत होता, जणू त्याच्याकडून उसने पैसे परत घ्यायचेत.  आली विहीर. तिखोनचे हात हवेत. शांतता.

मिरोनोव्हनाच्या खांद्यावर, व्हायोलाखाली, एक छोटी गादी असते. आमच्या नाट्यगृहाचा जुना पडदा फाडला तेव्हा मी तिला त्याचा लाल मखमली तुकडा दिला होता. त्याचीच तिने ती शिवली होती. मखमल झिजून गुळगुळीत झालेली. त्या शांततेत ती गादी घसरली. मिरोनोव्हनाने पडू नये म्हणून खांदा उचलून सावरली.

आणि वाद्यवृंद शिरला. सगळाच्या सगळा नाही, निम्मा, पण पूर्ण जोराने. तिखोनचे हात अजून हवेतच. तुताऱ्या, नगारे, सगळं त्याच्या उचललेल्या हातांखालून निघून गेलं आणि मग गोंधळून जागच्या जागी कोसळलं.

कुणी हसलं नाही. कुझ्माने प्रयत्न केला: "मिरोनोव्हना, उद्या शिंकू नकोस हं. नाहीतर आम्ही थेट घरी जाऊ." पण त्याचाच आवाज फाटला.

तिखोनने हात खाली घेतले. "उद्या," एवढंच म्हणाला आणि गेला. त्याच्या खोलीत मी डोकावलो, माझ्या निवेदनाचं विचारायचं निमित्त करून. कोपऱ्यात बॅग होती. उघडी. पुस्तकं अर्धी भरलेली.

हे मी तिला सांगायला नको होतं, पण तिने माझा चेहरा पाहिला आणि विचारलं, "भरतोय ना?" मी नट आहे, पण तिच्यासमोर मला कधी नाटक जमलं नाही.

साठीचा दिवस. सभागृह गच्च. पहिल्या रांगेत खात्याची माणसं, राखाडी सूट, मांडीवर कार्यक्रमपत्रिका. जिन्यातल्या तसबिरींना फुलं. पहिली घंटा, दुसरी घंटा.

आमच्याकडे रंगमंचावर जाण्याआधी कुणी शुभेच्छा देत नाही. म्हणायचं, "ना पीस मिळो, ना पंख!" आणि ज्याला म्हटलं त्याने लगेच शिवी हासडायची: "मसणात जा!" शिवी दिली की अरिष्ट टळलं. आभार मानले तर मात्र अरिष्ट आपल्याच माथी. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिखोन विंगेत वादकांच्या रांगेजवळून जाताना मिरोनोव्हनापाशी थांबला आणि बसक्या आवाजात म्हणाला, "ताइसिया मिरोनोव्हना, ना पीस, ना पंख."

आणि मिरोनोव्हना, मुख्य संचालकाला मसणात जा कसं म्हणायचं या धर्मसंकटात सापडून, म्हणाली, "आभारी आहे."

रांगेतला एकेक चेहरा उतरला. कुझ्माने डोकं धरलं. कुणीतरी अरिष्ट टळावं म्हणून डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्याचा आवाज केला. तिखोन पुढे गेला.

तिसरी घंटा झाली. मी पुढे आलो, मान लववली, बोललो. काय बोललो ते आठवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझी वाक्यं लांब असायला हवी होती. जितका वेळ मी बोलेन तितका वेळ विहीर दूर.

सुरुवात ठीक झाली. ठीकच म्हणायची, सूर एक श्वास मागे, तोच भारदस्त संथपणा. तिखोन झुंजत होता. त्याचे हात बोलत होते, विनवत होते, आणि वाद्यवृंद आदबीने त्यांच्याकडे बघत होता आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचा खांदा शोधत होता. खांदा हलत नव्हता म्हणून ते आणखी बावचळत होते. तिसऱ्या भागात ओबोवाला एकदा चुकीच्या जागी घुसून परत गेला. पहिल्या रांगेतल्या एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

मग सूर तुटले. विहीर.

तिखोनचे हात वर. शांतता अशी, की छताच्या झुंबराची काच तडकलेली ऐकू यावी. मी विंगेतून मिरोनोव्हनाला बघत होतो. मला दिसलं, तिचा खांदा उचलला जाणार. तिला ते थांबवता येणार नव्हतं. जन्मभराची सवय श्वासाबरोबर वर येत होती, झग्याची घडी हलायला लागली होती, मागे कुझ्माचे हात उंचावले होते.

आणि मिरोनोव्हनाने व्हायोला खाली घेतली.

हनुवटीखालून काढली आणि मांडीवर ठेवली, बायका बाजारातून आल्यावर पिशवी ठेवतात तशी. गज तिच्यावर आडवा. मैफलीच्या मध्यात, सगळ्या सभागृहासमोर! ज्यांचे डोळे तिच्यावर होते, म्हणजे सगळ्यांचेच, ते विस्फारले. शिरायचं कसं? वाद्यच नाही! ट्रंपेटवाल्याच्या कपाळावरची शीर मला विंगेतून दिसली.

तिने मान वर केली. सावकाश, पूर्ण. हनुवटी उचलून तिने तिखोनकडे पाहिलं, जसं शेगडीपाशी बसलेली पोर ग्रूनकडे बघत असेल तसं. आणि तिच्यावर खिळलेले ते सगळे डोळे, पुढचे, मागचे, नगाऱ्यांमागचे, तिच्या मानेबरोबर वर गेले. तिखोनवर.

तिखोनला ते कळलं. त्याचा चेहरा एका क्षणात बदललेला मी पाहिला. त्याने आणखी थोडं थांबवून धरलं. देवा, किती थांबवलं! मग हात खाली आणले.

सूर त्याच्या हातातून निघाला. मागून नाही, पुढून नाही, हातातूनच. मी त्या वाद्यवृंदाला निम्मं आयुष्य ऐकत आलो होतो आणि तो आवाज मी कधीही ऐकलेला नव्हता. माझ्या शेजारी उभा असलेला पडदेवाला, तीस वर्षांत एक सूर न ऐकलेला माणूस, म्हणाला, "हे काय झालं?"

त्या पहिल्या कल्लोळात मिरोनोव्हना नव्हती. ती मांडीवर व्हायोला ठेवून ऐकत होती. पान उलटलं गेलं तेव्हा तिने वाद्य उचललं, गादी सारखी केली, आणि मागून, कुणाच्या लक्षात न येता, व्हायोलांच्या ओळीत शिरली.

टाळ्यांचं सांगत नाही. नटाने टाळ्यांबद्दल बोललं की लोक निम्मंच खरं मानतात. खात्याची माणसं उभी राहिली होती एवढं सांगतो. तिखोन आत आला तो घामाने निथळत. सगळे वाटेतून बाजूला झाले. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"तुम्ही एक स्वर चुकवलात, ताइसिया मिरोनोव्हना."

"चुकवला," ती म्हणाली.

"आयुष्यात किती चुकवलेत आधी?"

"असा पहिलाच."  मग तिने त्याच्या कोटाची कॉलर दोन्ही हातांनी धरली, खाली ओढली आणि त्याच्या तोंडावर म्हणाली, "मसणात जा, पोरा. मघाशी म्हणायचं राहिलं. जा मसणात!" आणि रडायला लागली. मागून कुझ्मा ओरडला, "सुटलो बाबांनो, सुटलो!"

तिखोनची बॅग रिकामी झाली. तो अजून आहे. जिन्यात त्याची तसबीर लागलेली नाही, कारण ती फक्त गेलेल्यांची लावतात.

मिरोनोव्हनाने स्वतःच मागच्या स्टँडवर जागा मागून घेतली. "पुढे वारा लागतो," म्हणाली. पुढच्या आठवड्यात तालमीनंतर आम्ही दोघं ट्रामने घरी निघालो. उन्हाने काच तापलेली, तिच्या मांडीवर पेटी. ती बाहेर बघत होती.

"ग्लेब, तुला एक सांगते, हसू नकोस. आज मी मुद्दाम केलं."

"काय?"

"खांदा. दुसऱ्या भागात, जिथे कुणी शिरायचं नसतं तिथे. चांगला उचलला, हा असा. वर श्वासही घेतला."

मी तिच्याकडे वळलो. "मग?"

"काही नाही. एकानेही वळून बघितलं नाही." ती हसली, अगदी मनापासून हसली. मग हसणं थांबलं, आणि तिने पेटीचं कुलूप उगाचच दाबून पाहिलं. "एकानेही नाही रे."

मी तिचा हात हातात घेतला.  ट्राम वळणावर आली, आणि गाडी चालवणाऱ्या बाईने, का कोण जाणे, दोनदा घंटा वाजवली. मिरोनोव्हनाचा डावा खांदा बोटभर उचलला गेला.

तो फक्त मी पाहिला.